पेशीवर पडलेला उजेड

(सांगोला येथील स्मृतिव्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

किडनीचा त्रास असलेल्या माणसाचा रक्ताचा रिपोर्ट हातात आला की घरातले सगळे आधी एकच ओळ शोधतात. क्रिएटिनीन किती? दीड, तीन, सात. शिकलेला मुलगा आकडा मोठ्याने वाचतो, आणि पथ्य, डायलिसिस, मिरजेला जायचे की पुण्याला, हे सगळे त्या आकड्यावरून ठरू लागते. सांगोल्यातल्या कोणत्याही लॅबमधून रोज बाहेर पडणारा हा आकडा उजेडाने मोजलेला असतो. रिपोर्टवर ते कुठे छापलेले नसते.

१८८६ साली कोनिग्जबर्ग इथल्या माक्स याफे यांच्या लक्षात आले की क्रिएटिनीनमध्ये पिक्रिक आम्ल आणि अल्कली घातली की द्रवाला नारिंगी-तांबडा रंग चढतो. १९०४ मध्ये ऑटो फोलिन यांनी त्या रंगाच्या गडदपणावरून प्रमाण काढण्याची रीत बसवली. तालुक्याच्या लॅबमधले यंत्र अजूनही बहुधा तेच करते. सुमारे ५१० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा उजेड त्या द्रवातून सोडायचा आणि पलीकडे किती पोहोचला ते मोजायचे. जितका उजेड अडला तितके क्रिएटिनीन जास्त. रुग्णाला कावीळ असेल तर बिलिरुबिनमुळे हाच आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणून जाणता तंत्रज्ञ नळीतल्या सीरमचा रंग आधी डोळ्यांनी पाहून घेतो.

प्रकाशावर चालणारी तपासणी म्हणजे परदेशातल्या मोठ्या संस्थांमधले काहीतरी, ही समजूत त्यामुळे सुरुवातीलाच बाजूला ठेवता येते. ती तालुक्यात येऊन जमाना झाला. थुंकीत क्षयाचे जंतू शोधताना पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या हुडकाव्या लागत. आता ऑरामाइन रंग आणि एलईडीचा निळा उजेड वापरला की तेच जंतू अंधारात पिवळसर हिरवे चमकतात. गोव्यात वेर्ण्याला असलेल्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट चाचणी क्षयजंतूंचा डीएनए वाढवते, आणि तो वाढला की नाही हे रंगद्रव्याच्या चमकण्यावरूनच ओळखते. उजेड पोहोचलेला आहे. ही साधने कोण बनवतो, कुणाबरोबर बसून बनवतो आणि कुणाच्या शरीरावर तपासून बनवतो, एवढे पाहायचे राहते. आणि त्या बैठकीत सांगोल्यासारख्या गावाला जागा आहे का, तेही.

अवयव प्रत्यारोपणाचे क्षेत्र यासाठी फार बोलके आहे. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचे हृदय बदलले. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. त्यांचा रुग्ण काही तासच जगला. त्या एका वर्षात जगभर शंभराच्या आसपास हृदये बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण काही महिन्यांतच दगावले. टाके घालणारे हात तयार होते. शरीर परका अवयव केव्हा नाकारू लागले आहे हे वेळेवर दाखवणारे काही नव्हते, आणि नाकारणे थांबवणारे चांगले औषधही नव्हते.

किडनीच्या बाबतीत मात्र एक प्रश्न आधीच सुटू लागला होता. दात्याची किडनी घेणाऱ्याच्या रक्ताला चालेल का, हे शस्त्रक्रियेपूर्वी कसे ओळखायचे? लॉस एंजेलिसच्या पॉल तेरासाकी यांनी १९६४ मध्ये एक अगदी छोटी परीक्षा शोधली. दात्याच्या पांढऱ्या पेशी आणि घेणाऱ्याचे सीरम थेंबाथेंबाने एकत्र करायचे. घेणाऱ्याच्या रक्तात त्या दात्याविरुद्धची प्रतिद्रव्ये असतील तर पेशी मरतात. मेलेली पेशी रंग शोषते, जिवंत पेशी शोषत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रंगलेल्या पेशी मोजल्या की उत्तर मिळाले. १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी या परीक्षेचा, म्हणजे क्रॉसमॅचचा, हिशेब मांडला. क्रॉसमॅच जुळत नसताना बसवलेल्या ३० किडन्यांपैकी २४ लगेच बंद पडल्या; जुळलेल्या १९५ मध्ये अशा फक्त ८ होत्या. इतका स्पष्ट हिशेब वैद्यकात क्वचितच हाती येतो. त्यानंतर क्रॉसमॅच न करता किडनी बसवणे जगात कुणालाच परवडणारे राहिले नाही.

पुढे १९८३ च्या सुमारास हेच काम लेझरने होऊ लागले. पेशी एकामागून एक बारीक धारेतून लेझरच्या किरणासमोरून जातात. ज्या पेशीला प्रतिद्रव्य चिकटले आहे ती चमकते आणि यंत्र ती चमक टिपते. सेकंदाला हजारो पेशी. माणसाच्या नजरेतून सुटलेली पुसटशी विसंगतीही त्यातून सापडते. आज पुण्यामुंबईत किडनी बदलायची ठरली की नातेवाइकांच्या तोंडी 'क्रॉसमॅच निगेटिव्ह आली' हे वाक्य सुटकेच्या निःश्वासासारखे येते. त्याच्या मागे रसायनशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र आणि प्रकाशशास्त्र अशा तीन विद्यांची माणसे आहेत.

शस्त्रक्रियेनंतरही उजेडाची साथ सुटत नाही. महाराष्ट्राला माहीत असलेले उदाहरण डॉ. तात्याराव लहाने यांचे आहे. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचा हा नेत्रशल्यविशारद. १९९५ मध्ये आईने दिलेल्या किडनीवर उभा राहिला आणि नंतर त्याने लाखाहून अधिक मोतीबिंदू काढले. अशा प्रत्येक माणसाला रोज औषध घ्यावे लागते. टॅक्रोलिमस हे आज त्यातले मुख्य औषध. १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या एका जीवाणूपासून ते मिळाले. ते रक्तात कमी पडले तर शरीर किडनी नाकारते, जास्त झाले तर तेच औषध किडनीला विषासारखे लागते. त्यामुळे सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देऊन पातळी पाहावी लागते, आणि बऱ्याच प्रयोगशाळांत ती रासायनिक क्रियेतून निघणाऱ्या अतिशय मंद प्रकाशावरून मोजतात. क्रिएटिनीन अचानक वाढले तर बायोप्सी होते. किडनीचा बारीक तुकडा सुईने काढून त्यावर चमकणारे प्रतिद्रव्य लावतात. नळ्यांभोवतीच्या केशवाहिन्यांच्या कडा हिरव्या उजळल्या, तर प्रतिद्रव्यांनी हल्ला केला आहे असे समजायचे. सी-फोर-डी नावाची ही खूण जर्मनीत हेल्मुट फॉइश्ट यांनी १९९० च्या दशकात पुढे आणली. चमकणाऱ्या प्रतिद्रव्याची मूळ युक्ती हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांची, १९४१ सालची. पन्नास वर्षांच्या अंतरावरची दोन माणसे एकाच काचेच्या पट्टीवर भेटली.

बायोप्सी हे खरे निदान असले तरी ती सुई आहे. रक्तस्राव होऊ शकतो, आणि तुकडा नेमका निरोगी भागातून आला तर आजार दडून राहतो. मेंदूमृत दात्याकडून मिळालेल्या किडनीच्या बाबतीत तर घड्याळ चालूच असते. बर्फात ठेवलेली किडनी बसवण्याआधी ती चालेल की नाही हे पाहायला डॉक्टरांकडे काही तास असतात. या अडचणीवर वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ पीटर अँड्र्यूज आणि मेरीलँड विद्यापीठातले अभियंता यू चेन यांनी प्रत्यारोपण करणाऱ्या सर्जनांना बरोबर घेऊन काम केले. त्यांचे साधन होते ओसीटी.

ओसीटीचे तत्त्व विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला सहज समजेल. पाणी किती खोल आहे हे पाहायला खडा टाकतात आणि आवाज यायला किती वेळ लागला त्यावरून अंदाज बांधतात. इथे खड्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. तो पेशींच्या थरांवरून परततो आणि कोणता थर किती खोल हे सांगतो. प्रकाशाचा वेग इतका प्रचंड की परतीचा वेळ घड्याळाने मोजता येत नाही; म्हणून परतलेला किरण दुसऱ्या एका किरणाशी ताडून पाहतात. सुई न टोचता एक-दोन मिलिमीटर खोलीपर्यंतचे चित्र हजारांश मिलिमीटरच्या बारकाव्याने मिळते.

किडनीच्या पृष्ठभागाखाली लगेचच रक्त गाळण्याच्या कामातल्या सूक्ष्म नळ्या असतात. रक्तपुरवठा तुटून त्या सुजल्या की आतली पोकळी बंद होते. तब्येत चांगली असेल तर ती उघडी राहते. अँड्र्यूज, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियागृहातच निर्जंतुक वेष्टनात गुंडाळलेला हातातला प्रोब किडनीवर फिरवला. बसवण्यापूर्वी एकदा आणि रक्त सुरू झाल्यावर पुन्हा. त्यांनी नळ्यांची पोकळी मोजली आणि ती किडनी नंतर कशी चालली याच्याशी तिची सांगड घातली. २०१४ मध्ये जिवंत माणसाच्या किडनीवरचे हे काम प्रसिद्ध झाले. रोजच्या वापरात ते अजून आलेले नाही. तरीही या कामाचे मोल मोठे आहे, कारण त्यात प्रश्न शल्यविशारदाचा होता, डोळा शरीरशास्त्रज्ञाचा आणि उत्तर काढणारे यंत्र अभियंत्याचे. यातला एकजण नसता तर दुसऱ्याला आपल्याजवळ काय आहे हेही कळले नसते.

ओसीटीचा जन्मही असाच. १९९१ मध्ये बॉस्टनच्या परिसरात ही कल्पना प्रत्यक्षात आली तेव्हा तिच्यामागे एमआयटीतले भौतिकशास्त्राचे अंग असलेले अभियंता जेम्स फुजिमोटो होते, वैद्यक आणि अभियांत्रिकी दोन्ही शिकणारा विद्यार्थी डेव्हिड हुआंग होता, उपग्रहांमधल्या प्रकाशसंदेशवहनावर काम करणारे एरिक स्वॉन्सन होते आणि कार्मेन पुलियाफिटो, जोएल शुमन हे डोळ्यांचे डॉक्टर होते. उपग्रहांसाठी शिकलेली विद्या मधुमेही माणसाच्या दृष्टिपटलावर आली. हुआंग, फुजिमोटो आणि स्वॉन्सन यांना २०२३ चा लास्कर पुरस्कार मिळाला. आज सोलापुरात मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर सूज आली तर ती याच यंत्रावर पाहतात, आणि इंजेक्शन द्यायचे की थांबायचे हे त्या राखाडी चित्रावरून ठरते.

डोळ्याचा विषय निघालाच आहे, तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे पारपटलाच्या, प्रत्यारोपणाबद्दल थोडे. माणसाच्या शरीरात यशस्वी झालेले पहिले मोठे प्रत्यारोपण तिथले. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोरावियातल्या ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे गेलेल्या एका मजुराच्या डोळ्यावर दुसऱ्याचे पारपटल बसवले. चुन्याचा हा धोका आपल्याकडे अजून संपलेला नाही. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी दाबताना ती फुटून लहान मुलांचे डोळे जाण्याच्या घटना भारतातल्या नेत्ररुग्णालयांनी पुन्हा पुन्हा नोंदवल्या आहेत. घरात पुडी उघडी ठेवणाऱ्याने हे मनावर घ्यावे.

पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. या पेशी पाणी बाहेर ढकलून पारपटल स्वच्छ ठेवतात आणि एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. त्या जिवंतपणी मोजण्याची वाट डेव्हिड मॉरिस यांनी १९६८ मध्ये स्पेक्युलर सूक्ष्मदर्शकाने उघडली. पेशींच्या थरावरून आरशासारखा परतणारा प्रकाश पकडायचा, आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी नक्षी समोर येते. तरुण माणसात दर चौरस मिलिमीटरला सुमारे तीन हजार पेशी. नेत्रपेढ्या दृष्टी सुधारण्यासाठीच्या प्रत्यारोपणाला साधारण दोन हजारांहून अधिक पेशींचे पारपटल निवडतात. दान झालेला डोळा मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावा लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत असते. त्यापुढची गोष्ट कमी माहीत असते. मॅकॅरी आणि कॉफमन यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या द्रवात, चार अंश तापमानाला, ते पारपटल चार दिवस टिकते. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला निघाली. ज्या गावाचे डाळिंब दोन हजार किलोमीटर ताजे पोहोचते, त्या गावाला एक छोटी थंड पेटी पुण्यापर्यंत पोहोचवणे अशक्य नाही. तिथे नेमके कमी पडते ते फोन करणारा माणूस आणि सहा तास.

मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकून अमेरिकेला गेलेल्या अनिता महादेवन-जॅन्सन यांचे कामही इथे सांगायला हवे. व्हँडरबिल्ट विद्यापीठात त्या जैवप्रकाशशास्त्राचे काम करतात. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत सर्जनला एक भीती कायम असते. थायरॉइडच्या मागे पाच-सहा मिलिमीटरच्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, आजूबाजूच्या चरबीपासून त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत, आणि चुकून निघाल्या तर शरीरातले कॅल्शियम कोसळते. किडनीच्या जुन्या रुग्णांत याच ग्रंथी फुगतात आणि काही वेळा मुद्दाम काढाव्या लागतात. जॉन फे या सर्जनबरोबर काम करताना महादेवन-जॅन्सन यांच्या गटाला दिसले की ७८५ नॅनोमीटरचा अवरक्त लेझर टाकला की पॅराथायरॉइड कोणताही रंग न लावता स्वतःच चमकतात, थायरॉइडपेक्षा कितीतरी अधिक. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झाले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यावर आधारलेल्या उपकरणाला परवानगी दिली. सात वर्षे! उजेडाच्या साधनांसाठी हा वेग चांगलाच म्हणायचा.

तोच ७८५ नॅनोमीटरचा लेझर नवी मुंबईत, खारघरला, वेगळ्या कामासाठी वापरला जातो. त्या कामाचा सांगोल्याशी फार जवळचा संबंध आहे.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी जो परिणाम पक्का केला, त्याने दाखवले की पदार्थावर पडलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून परत येतो. थोडा म्हणजे कोटीभर प्रकाशकणांमागे एखादा. पण तो एखादा कण आपण कोणत्या रेणूवर आदळलो याची खबर घेऊन येतो.  

टाटा स्मारक केंद्राच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक या संशोधन केंद्रात याच परिणामावर काम करणारी डॉ. मुरली कृष्ण चिलकापाटी यांची प्रयोगशाळा आहे. मणिपालला प्रकाशपटांवर, म्हणजे परतलेल्या प्रकाशातल्या रंगांच्या नोंदींवर, काम करून ते इथे आले आणि टाटा रुग्णालयाचे सर्जन डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्यासारख्या डॉक्टरांबरोबर तोंडाच्या कर्करोगाकडे वळले. भारतात दरवर्षी सव्वा लाखाहून अधिक माणसांना हा कर्करोग नव्याने होतो, आणि बहुतेक जण रुग्णालयात येतात ते तोंड उघडेनासे झाल्यावर किंवा गालाला भोक पडल्यावर. खारघरच्या पद्धतीत पेनासारखा काचतंतूचा प्रोब गालाच्या आतल्या बाजूला काही सेकंद टेकवतात. कापणे नाही, टोचणे नाही. निरोगी गालातून येणाऱ्या प्रकाशपटावर चरबीच्या खुणा ठळक असतात. गाठीच्या जागी प्रथिनांच्या खुणा वरचढ होतात. या दोन टोकांच्या मध्ये पांढरे चट्टे आणि कर्करोगाच्या आधीच्या अवस्था कुठे बसतात, हे या गटाने शोधले. २०१२ आणि २०१३ मधल्या त्यांच्या अभ्यासांत तंबाखू न खाणारे निरोगी लोक, तंबाखू खाणारे निरोगी लोक, रुग्णाचा चट्ट्याचा भाग, गाठीचा भाग आणि त्याच रुग्णाचा दुसऱ्या बाजूचा वरून चांगला दिसणारा गाल अशी तुलना आहे.

यातला तंबाखू खाणाऱ्या निरोगी लोकांचा वेगळा गट सर्वांत महत्त्वाचा वाटतो. युरोपातल्या प्रयोगशाळेत हा गट कुणी सहजी केला नसता. तिथे गाल तंबाखूने रापलेला नसतो. इथे मावा, मिश्री, चुना-तंबाखू यांनी वर्षानुवर्षे भाजलेला गाल हाच नेहमीचा गाल आहे. त्याचा प्रकाशपट निरोगी माणसापेक्षा वेगळाच असणार, आणि यंत्राला तो फरक शिकवला नाही तर यंत्र निम्म्या गावाला कर्करोग ठरवील किंवा खरा रुग्ण सोडून देईल. पुढे याच गटाने रक्ताच्या सीरमवरून रोग परत उलटेल का याचा अंदाज बांधण्याचेही काम केले. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रानेही तोंडाच्या कर्करोगासाठी प्रकाशावर चालणारे सुटसुटीत उपकरण बनवले आहे.

इथे पल्स ऑक्सिमीटरची आठवण ठेवणे भाग आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई दारोदार हिंडल्या, आणि बोटाला लावायचे ते छोटे यंत्र घराघरात पोहोचले. ते शोधले जपानच्या ताकुओ आओयागी यांनी, १९७४ मध्ये. ते खरे तर दुसरेच काहीतरी मोजत होते. शिरेत हिरवा रंग सोडून, कानाच्या पाळीतून प्रकाश टाकून हृदय किती रक्त फेकते हे त्यांना पाहायचे होते, आणि नाडीचे ठोके मोजणीत सारखे लुडबुडत होते. त्या लुडबुडीतच ऑक्सिजनची खबर आहे हे त्यांनी ओळखले. थोर शोध. पण हे यंत्र मुख्यतः गोऱ्या कातडीवर पारखले गेले. २०२० च्या डिसेंबरमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवले की काळ्या वर्णाच्या रुग्णांमध्ये ऑक्सिजन धोकादायक पातळीला उतरलेला असताना यंत्राने तो चांगला दाखवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट होते. कातडीतले मेलॅनिन प्रकाश शोषते, आणि ज्यांच्यावर यंत्र पारखले त्यांच्याकडे ते कमी होते. उन्हात राबणाऱ्या सांगोल्याच्या बोटाला ते यंत्र लावताना हे कुणाला ठाऊक होते?

ज्याच्यासाठी साधन आहे त्याच्याच शरीरावर, त्याच्याच गावात ते पारखले पाहिजे. हे सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही. सोलापूर जिल्ह्याने ते एकदा करून दाखवले आहे.

बार्शीला १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावे. शहरातल्या नोंदणीत रुग्णालयांचे कागद जमवले की भागते. बार्शीच्या लोकांना ते पुरणार नाही हे कळले, कारण खेड्यातला रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हता. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, कर्करोगाच्या खुणा समजावून सांगितल्या आणि लक्षणे असलेल्यांना तपासणीला आणले. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने यांनी १९९५ मध्ये दाखवले की एवढ्याने गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला. यंत्र नव्हते, फक्त माणसे होती.

मग त्या पायावर मोठे काम उभे राहिले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिआँची जागतिक कर्करोग संस्था यांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे ५२ समूह करून चार गट पाडले. एका गटाची तपासणी डोळ्यांनी: व्हिनेगारसारखे सौम्य आम्ल लावायचे, प्रखर उजेडात पाहायचे आणि पांढरे पडलेले चट्टे शोधायचे. दुसऱ्या गटात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली. तिसऱ्यात गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या डीएनएची चाचणी, जिचे उत्तर शेवटी एका नळीतून निघणाऱ्या मंद प्रकाशाच्या मोजणीवर येते. चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष आले. एकदाच केलेल्या विषाणू-चाचणीने पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले: चौथ्या गटात ६४, चाचणीच्या गटात ३४. गावागावात गर्भाशयमुखाची विषाणू-चाचणी करावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर जगाला मराठवाड्याच्या बायकांनी दिले.

या अभ्यासावर टीकाही झाली. तपासणीचा लाभ असतो हे ठाऊक असताना चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणीशिवाय ठेवणे कितपत योग्य होते, असा प्रश्न विचारला गेला, आणि तो रास्तच होता. पुढे कोणी गावाला अभ्यासात सामील करून घेतले, तर गावाने हा प्रश्न सही करण्याआधीच विचारावा. डोळ्यांनी एकदाच केलेल्या तपासणीने मात्र धाराशिवच्या या अभ्यासात मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. मुंबईच्या वस्त्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी तीच तपासणी दर दोन वर्षांनी चार वेळा केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उजेड तोच, पण एकदा पाहणे आणि पुन्हा पुन्हा पाहणे यांत जीव वाचण्याएवढे अंतर आहे.

तोंडाच्या कर्करोगाचेही असेच. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात शिकवलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघर तोंडे पाहिली आणि तंबाखू-दारूच्या सवयीच्या लोकांमध्ये मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडेही तीस वर्षांवरील प्रत्येकाचे तोंड तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. उपकेंद्रात त्यासाठी लागते ती बॅटरी आणि लाकडी पट्टी, आणि तोंड उघडायला न लाजणारा माणूस.

खारघरच्या प्रोबला आता हेच लोक हवे आहेत. टाटा रुग्णालयात येतो तो रुग्ण आधीच ठरलेला, बहुतेक वेळा पुढच्या टप्प्यातला असतो. ज्याच्या गालावर आज फक्त एक पांढरा डाग आहे, जो डाळिंबाच्या बागेत काम करताना दिवसातून दहा वेळा मळलेली तंबाखू ओठात धरतो आणि ज्याला कसलाही त्रास नाही, असा माणूस तालुक्याच्या ठिकाणी सापडतो. त्याचा प्रकाशपट आज घ्यायचा, दोन वर्षांनी पुन्हा घ्यायचा, आणि मधल्या काळात काय बदलले ते पाहायचे. हे काम शहरातल्या प्रयोगशाळेला एकटीने जमणार नाही. त्यासाठी दंतवैद्य, आशाताई, महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे शिक्षक आणि विद्यार्थी लागतात, जे यंत्राची दररोजची जुळवणी आणि नोंदी सांभाळतील. ही सगळी माणसे सांगोल्यात आहेत.

एका गोष्टीचा बंदोबस्त मात्र यंत्र येण्याआधी हवा. प्रोबने ज्याला संशयित म्हटले त्याचा तुकडा कोण काढणार, तो कुठे तपासला जाणार, उत्तर किती दिवसांत येणार आणि उपचाराचा खर्च कोण करणार? बार्शीच्या अभ्यासात दोष सापडलेल्या स्त्रियांची पुढची तपासणी आणि उपचार यांची व्यवस्था अभ्यासाचाच भाग होती. सांगोल्यात असे काम सुरू करताना त्या व्यवस्थेची यादी पहिल्या पानावर यायला हवी: बायोप्सीचा दिवस, नमुना नेणारा माणूस, सोलापूर किंवा बार्शीतला ठरलेला विकृतिशास्त्रज्ञ, आणि रुग्णाच्या एसटीच्या तिकिटाचे पैसे.